खर्जातले उद्योग

बँडच्या कुठल्याही फोटोत एक माणूस असा असतो, ज्याचं नाव फोटो काढणाऱ्यालाही आठवत नाही. गाणारी मध्यभागी असते, माइक तोंडाशी, डोळे मिटलेले. गिटारवाला एक पाय स्पीकरवर ठेवून आढ्याकडे बघत असतो. ड्रमर मागे बसलेला असला तरी दोन्ही हात हवेत असल्यामुळे दिसतो. आणि कडेला, दिव्याचा उजेड जिथे पुरत नाही तिथे, जरा लांब दांडीची गिटार पोटाशी धरून कुणीतरी जमिनीकडे बघत उभं असतं. तो बेसवाला. कार्यक्रम संपल्यावर त्याच्याशी बोलायला येणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ही गिटार एवढी मोठी का?" आणि दुसरा, जरा जास्त सहानुभूतीने, "चारच तारा? बाकीच्या तुटल्या का?"

ज्याला सहा तारा जमल्या नाहीत त्याने चार तारांची गिटार घेतली, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पंचाईत अशी, की त्याला इतिहासाचा थोडाफार आधारही आहे. 1961 साली बीटल्समधून स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला, तेव्हा आता बेस कोण वाजवणार हा प्रश्न आला आणि कुणीच हात वर केला नाही. शेवटी ते काम पॉल मकार्टनीच्या गळ्यात पडलं. बेस वाजवणारा म्हणजे मागे उभा राहणारा जाडा मुलगा, अशीच तेव्हा आमची समजूत होती, असं त्याने पुढे स्वतःच सांगून ठेवलंय. मंत्रिमंडळाच्या विस्तारात शेवटी उरलेलं खातं कुणाच्या तरी पदरी यावं, तसा बेस मकार्टनीच्या पदरी आला. त्याने त्या खात्याचं सोनं केलं हा भाग वेगळा.

ठाण्यातल्या एका हौशी बँडमध्ये हेच खातं माझ्याकडे आहे. आम्ही सगळे सोमवार ते शुक्रवार पोटापाण्याचं बघतो आणि शनिवारी संध्याकाळी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये जमतो. दुसऱ्यांची गाणी वाजवतो. आणि दुसऱ्यांची गाणी वाजवतोय तोवर बेसवाला हा अगदी निरुपद्रवी प्राणी असतो. मूळ गाण्यात जे आहे ते वाजवायचं, चहाचे पैसे द्यायचे, घरी जायचं. खरा त्रास सुरू होतो तो त्याला स्वतःची लाइन सुचायला लागली की.

पहिली लक्षणं बोटांत दिसतात. जेवताना ताटाच्या कडेवर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालायला लागतं. लोकलमध्ये वरची कडी धरलेला हात तिथेच ठोके द्यायला लागतो आणि शेजारच्या कडीवाला दुसरी कडी शोधतो. दातांच्या मागे जीभ लावून "डुम, डुडुम, ठक" असं काहीतरी चालू होतं. बायको विचारते, "अहो, दात दुखतोय का?" दात दुखत असता तर औषध तरी होतं. सुचलेलं विसरायला नको म्हणून माणूस फोन काढतो आणि मुलुंडच्या फलाटावर, भर गर्दीत, फोन ओठांशी धरून हलक्या आवाजात "डुम, डुडुम, ठक" रेकॉर्ड करतो. अशा फायलींची नावं "नवी लाइन", "नवी लाइन फायनल", "फायनल खरी" अशी वाढत जातात. रात्री घरी येऊन ऐकावं तर गाडी उशिराने धावत असल्याची उद्घोषणा स्वच्छ ऐकू येते, आणि तिच्यामागे एक पुरुष हुंकार देताना. त्यातला पहिला ठोका कुठला आणि शेवटचा कुठला, हे खुद्द हुंकार देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग आलेला सूर तो नव्हेच, असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

घरी वाजवून नीट रेकॉर्ड करून बँडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तरी सुटका नाही. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. फोनचा इवलासा स्पीकर त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला स्वर ऐकू येतच नाहीत, ऐकू येते ती तारेवर बोट आपटल्याची टकटक. आम्ही मोठ्या आशेने पाठवतो, आणि गाणाऱ्या बाईंचं उत्तर येतं, "छान आहे, पण सुरू कधी होतं?"

आता, मुळात सुचतं काय? सुरुवातीला प्रत्येकाला एकच गोष्ट सुचते. सा, मग पंचम, मग तार सप्तकातला सा, आणि परत खाली. बेसवर या तिन्ही जागा बोटांच्या इतक्या सोयीच्या अंतरावर असतात, की हे सुचतं असं म्हणण्यापेक्षा हे हाताला लागतं असं म्हटलेलं बरं. याच्यावर आख्खी लग्नं निघतात. पण माणसाला आपलं म्हणून काही हवं असतं. मग तो पाच स्वरांकडे वळतो. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पाश्चात्त्य लोक याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात आणि आपण याला धानी म्हणतो. जगातल्या ब्लूज आणि रॉकमधल्या निम्म्याअधिक रिफ्स, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या छोट्या स्वरओळी, या पाच स्वरांच्या गल्लीतच राहतात. माझ्या आईला, जिने जन्मात रॉक ऐकलेलं नाही, मी एकदा आमचं अगदी कर्कश समजलं जाणारं गाणं ऐकवलं. ती म्हणाली, "धानी आहे. पण एवढा राग कशाला करतोय तो?"

पाच स्वर, चार तारा आणि एवढी माणसं. म्हणजे जे सुचतं ते बहुतेक वेळा आधीच कुणाला तरी सुचलेलं असतं. आपण महिनाभर जपलेली लाइन जॅमरूममध्ये पहिल्यांदा वाजवावी आणि दुसऱ्या आवर्तनालाच ड्रमरने काठ्या खाली ठेवून शांतपणे मूळ गाण्याचं नाव, बँड आणि साल सांगावं. ड्रमर हे बेसवाल्याचं कॉपीराइट ऑफिस आहे. फरक इतकाच, की इथे निकाल लगेच लागतो.

मोठ्या माणसांचे निकाल कोर्टापर्यंत जातात. न्यूयॉर्कच्या शिक या बँडमधल्या बर्नार्ड एडवर्ड्सने 1979 साली "गुड टाइम्स"ला एक बेस लाइन दिली. त्याच वर्षी तीच लाइन पुन्हा वाजवून तिच्यावर काही पोरांनी बोलगाणं केलं, ते "रॅपर्स डिलाइट". वकिलाची भाषा निघाल्यावर एडवर्ड्स आणि त्याचा साथीदार नाइल रॉजर्स यांची नावं त्या गाण्याच्या कर्त्यांमध्ये घालावी लागली. पुढच्या वर्षी क्वीन बँडच्या जॉन डीकनने "अनदर वन बाइट्स द डस्ट" केलं. त्याच्या आधी तो शिकच्या स्टुडिओत येऊन बसला होता, असं एडवर्ड्सचं म्हणणं. ती लाइन ऐकली की बसला होता यावर विश्वास बसतो. पण ती चोरी वाटत नाही, हेही खरं. शेजारच्या घरातला वास ओळखूनही आपल्या घरी वेगळा पदार्थ शिजतोच. मला स्वतःला डीकनची जास्त आवडते. पहिले तीन ठोके त्याने एकाच स्वरावर टाकले आहेत. तीन वेळा सा. एवढं साधं वाजवायला छाती लागते.

याच डीकनची दुसरी गोष्ट मला फार प्रिय आहे. 1981 साली स्वित्झर्लंडमधल्या माँट्र गावी क्वीन आणि डेव्हिड बोवी "अंडर प्रेशर" बनवत होते. डीकन एक छोटी रिफ घोळवत होता. मग मंडळी पिझ्झा खायला गेली. परत येऊन पाहतात तर डीकन ती रिफ साफ विसरला होता. अखेर ड्रमर रॉजर टेलरला ती आठवली. ड्रमरबद्दल मी वर जे म्हटलं त्याची दुसरी बाजू ही. पुढे ती रिफ कुणाची, यावर मतभेद झाले आणि तेही उलटे. डीकन म्हणाला बोवीची, बोवी म्हणाला मी येण्याआधीच ती तिथे होती, आणि बाकीचे म्हणाले डीकनचीच. श्रेय दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यावरून झालेलं हे संगीतातलं बहुधा एकमेव भांडण. ते बेसवरून झालं यात नवल नाही. गिटारच्या सोलोवरून असं भांडण होणं शक्य नाही. मग 1990 मध्ये व्हॅनिला आइस नावाच्या गायकाने तीच रिफ उचलून "आइस आइस बेबी" केलं आणि दोन्हींत एका ठोक्याचा फरक आहे, असं कॅमेऱ्यासमोर दोन्ही म्हणून दाखवलं. तो ठोका त्याला बराच महागात पडला.

मी पुष्कळ दिवस या समजात होतो, की अशा लाइनी चिंतनातून येतात. मेणबत्ती, वही, पहाटेची वेळ वगैरे. मग एकेकाच्या कथा वाचत गेलो आणि चिंतनाचा पक्ष भलताच दुबळा निघाला. लॅरी ग्रॅहम सॅन फ्रान्सिस्कोत आईच्या बँडमध्ये वाजवायचा. आधी गिटार आणि पायाने ऑर्गनचे खालचे स्वर, असं दोन्ही सांभाळत होता. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने भाड्याने बेस आणला. मग ड्रमर गेला. आता ठेका कोण देणार? त्याने अंगठा तारेवर आपटून ढोलाचा ठोका काढला आणि बोटाने दुसरी तार उचकटून वरचा फटका काढला. ज्याला आज स्लॅप म्हणतात आणि ज्याच्यासाठी पोरं अंगठ्याला फोड आणतात, तो प्रकार माणूस कमी पडला म्हणून जन्माला आला. (आजकालचं बरंचसं स्लॅप मात्र मला सर्कस वाटतं. एका मिनिटात किती फटके, याची मोजणी चालते. नाचावंसं वाटलं का, हे कुणी विचारत नाही.)

लू रीडच्या "वॉक ऑन द वाइल्ड साइड"ची गोष्ट तर कुठल्याही सदाशिव पेठी कंजूष माणसाला अभिमान वाटावा अशी. 1972 साली लंडनमध्ये हर्बी फ्लॉवर्स या वादकाने आधी मोठ्या उभ्या डबल बेसवर एक लाइन वाजवली. मग तिच्यावर इलेक्ट्रिक बेसची दुसरी लाइन चढवली. एक खाली घसरतेय, दुसरी वर, आणि त्या दोन्हींच्या मधे ते सगळं झोपाळू, बेरकी गाणं उभं आहे. समीक्षकांनी त्यावर खूप लिहिलं. फ्लॉवर्सने कारण सांगितलं ते असं, की एका सत्रात दोन वाद्यं वाजवली तर मानधन दुप्पट मिळायचं.

आणि जेम्स जेमरसन. हा माणूस बेसवाल्यांचा ज्ञानोबा. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या घरातच स्टुडिओ होता, त्याला वादक सापाचं बीळ म्हणायचे. त्या बिळात साठच्या दशकात त्याने जे वाजवलं ते अमेरिकेतल्या प्रत्येक घरात रेडिओवर वाजत होतं आणि त्याचं नाव कुठल्याही कव्हरवर नव्हतं. ते छापलं गेलं मार्विन गेच्या "व्हॉट्स गोइंग ऑन" या तबकडीवर, 1971 साली. तो उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. आमच्यासारखे दोन बोटांनी जेवढं वाजवू शकत नाहीत तेवढं तो एका बोटाने वाजवायचा आणि मधे रिकामी जागाही ठेवायचा. त्या तबकडीच्या नावाच्या गाण्याच्या वेळी तो इतका प्यालेला होता, की स्टुलावर बसता येईना, म्हणून जमिनीवर आडवा पडून वाजवलं, असं सांगतात. हे मी आमच्या जॅमरूममध्ये उत्साहाने सांगितलं, तेव्हा ड्रमर म्हणाला, "तू आधी उभं राहून वाजव."

जेमरसन तारा बदलत नसे. तारांवर साठलेल्या मळातच ग्रूव्ह असतो, असा त्याचा सिद्धांत. हा सिद्धांत मी कसोशीने पाळतो. बेसच्या चार तारांच्या एका संचाच्या पैशात साध्या गिटारचे तीन संच येतात, हे त्यामागचं कारण नव्हे, असं माझं घरी म्हणणं आहे.

आता जवळून बघू या, एक लाइन बनते कशी. आमचा ड्रमर मूळचा तबलजी. त्याने किक पहिल्या मात्रेवर आणि तिसरीच्या जरा पुढे टाकली. मधे स्नेअर. साधा ठेका. मी त्यावर घरून बनवून आणलेली लाइन सुरू केली. त्या लाइनीत सगळं होतं. धानीचे पाचही स्वर, दोन घसरणी, एक उडी, शेवटी छोटी तिहाई. वाजवताना मला फार बरं वाटत होतं. समोर गाणाऱ्या बाई फोन बघत होत्या. गिटारवाला तारा जुळवत होता, म्हणजे त्याला वाजवायला जागा सापडत नव्हती. ड्रमर थांबला. म्हणाला, "जरा कमी बोल." मी तिहाई काढली. पुन्हा सुरू. "अजून कमी." उडी गेली. घसरणी गेल्या. कोमल गंधार गेला, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, तो आवडीचा होता. मग ड्रमर म्हणाला, "तिसऱ्या मात्रेवर काही वाजवूच नकोस. तिथे मी आहे." त्या जागी मी डावा हात तारेवर नुसता टेकवला आणि उजव्या बोटाने मुकी तार ठोकली. स्वर नाही, नुसतं "ठक". त्याला घोस्ट नोट म्हणतात. ऐकू येत नाही पण काढली तर घर रिकामं वाटतं. आता हातात उरलं होतं इतकंच: सा, सा, ठक, मोकळी जागा, निषाद, सा. तेवढंच फिरत राहिलं. पाच-सहा आवर्तनांनी गिटारवाल्याने हळूच दोन स्वर टाकले, कारण आता टाकायला जागा होती. गाणाऱ्या बाईंनी फोन पालथा ठेवला. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांची मान एकाच वेळी, एकाच बाजूला हलायला लागली होती. निषाद मी किंचित उशिरा टाकत होतो, ठोक्याच्या मागे रेलून, आणि तो उशीर दर वेळी तेवढाच होत होता. त्या उशिराला पैसे आहेत. तो वहीत लिहिता येत नाही आणि कोर्टात सिद्धही करता येत नाही.

म्हणजे रचना झाली ती वजाबाकीतून. मला वाटतं बेसवाल्याची सगळी हुशारी एवढीच, की आपल्याला येतं ते सगळं वाजवायचं नाही. आणि सगळी जिद्द एवढीच, की जे उरलं ते न कंटाळता वाजवत राहायचं.

कंटाळ्याच्या बाबतीत आपल्याकडे आमचे सख्खे भाऊ आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एकट्या तबल्याचा कार्यक्रम बघा. शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला बसलेला असतो. तो लेहरा धरतो. सोळा मात्रांची एक ओळ, आणि तीच तीच ओळ, तासभर. तबलजी कायदे मांडतो, पलटे घेतो, हिशेबाच्या बाहेर जाऊन भलत्याच लयीत शिरतो, आणि परत येतो तेव्हा सम जिथे ठेवली होती तिथेच असते, कारण ती या माणसाने सांभाळलेली असते. टाळ्या तबलजीला. पेटीवाल्याला निवेदक शेवटी "साथीला" म्हणतो आणि कधी कधी आडनाव चुकवतो. युरोपातही तेच. पाखेलबेलच्या "कॅनन"मध्ये चेलोवाल्याला आठ स्वर दिले आहेत आणि ते त्याने 28 वेळा वाजवायचे. वर व्हायोलिनं फुलपाखरं उडवतात आणि खाली हा बिचारा एक, दोन, तीन मोजत असतो. लग्नात ते वाजतं तेव्हा सगळे भारावून जातात, चेलोवाला सोडून.

आमच्या ड्रमरच्या तबल्याचा आम्हाला एकदा वेगळाच उपयोग झाला. पिंक फ्लॉइडच्या 1973 सालच्या "मनी"ची बेस रिफ सात मात्रांची आहे. पाश्चात्त्य बँड तिथे अडखळतात, मोजत बसतात. आमच्या माणसाने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "रूपक आहे की." रूपकात भावगीतं ऐकत मोठं झालेल्या मराठी माणसाला सातात डोलायला वेगळं शिकवावं लागत नाही. गंमत म्हणजे त्याच गाण्यात गिटारचा सोलो आला की अख्खा बँड मुकाट्याने चारात येतो. सातात राबायचं ते बेसवाल्याने. पाहुणे आले की सोयीची लय.

अपमानाचा विषय निघालाच आहे तर "सेव्हन नेशन आर्मी"चं सांगून टाकतो. 2003 सालच्या या गाण्याची सात स्वरांची रिफ युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर हजारो लोक एका सुरात गातात. बेसची जगात सगळ्यांत जास्त गायली जाणारी रिफ कुठली, असं विचारलं तर लोक हीच म्हणून दाखवतात. ते गाणं करणाऱ्या बँडमध्ये बेसवालाच नव्हता. त्यातल्या जॅक व्हाइटने साधी गिटार पायाखालच्या एका पेडलने सप्तकभर खाली उतरवली आणि काम भागवलं.

आमच्या मुंबईने मात्र याचा सूड घेतला, आणि तोही नकळत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बेस आणि आणखी कितीतरी वाद्यं वाजवायचे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ, चरणजित सिंग अशी मंडळी होती, पण कॅसेटच्या वेष्टणावर गायक, गीतकार, संगीतकार एवढीच नावं यायची, बेसवाल्याचं कुठून येणार? तर 1981 साली रोलंड या जपानी कंपनीने टीबी-303 नावाची एक छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला घरी साथ मिळावी, बेसवाल्याला बोलवावं लागू नये, हा तिचा हेतू. तिचा आवाज बेससारखा मुळीच येत नसे. ती चालली नाही आणि 1984 मध्ये बंद झाली. पण त्याआधी चरणजित सिंगांनी सिंगापूरहून ती आणली. म्हणजे बेसवाल्यांना घरी बसवायला काढलेलं यंत्र एका बेसवाल्यानेच विकत घेतलं. तिच्या आणि सोबतच्या ड्रम मशीनच्या साथीने त्यांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. भैरवी, ललत, यमन, मालकंस, सगळे त्या टुंयटुंयणाऱ्या खर्जावर. इथे कुणी फारसं विचारलं नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोतल्या पोरांनी तीच पेटी जुन्या बाजारातून उचलून ॲसिड हाउस नावाचं संगीत काढलं आणि जगभर नाचवलं. आणि 2010 साली मुंबईची ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे जाणकार तोंडात बोटं घालून बसले, की हे आमच्या आधी यांनी कसं केलं? उत्तर सोपं आहे. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून मोकळा वेळ मिळाला, पेटी नवी होती, आणि राग पाठ होते.

आता घरची परिस्थिती. 41 कंपनांच्या स्वराची एक लहर साधारण 27 फूट लांब असते. माझी खोली दहा बाय बारा आहे. म्हणजे मी वाजवलेला सर्वांत खालचा स्वर माझ्या खोलीत मावतच नाही. तो भिंतीतून, जमिनीतून वाट काढून ज्यांना जास्त जागा आहे त्यांच्याकडे जातो. वरचे स्वर भिंत अडवते, खालच्यांना ती फारसं जुमानत नाही. त्यामुळे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत "रात्री कुणाकडे तरी ग्राइंडर चालतो" हा विषय आयत्या वेळच्या विषयांत आला तेव्हा मी इतिवृत्ताच्या पानाकडे बघत राहिलो. हेडफोन लावून वाजवता येतं, मान्य. पण हेडफोनमध्ये सगळंच चांगलं वाटतं, आणि तिथे चांगली वाटलेली लाइन जॅमरूममध्ये पंधरा सेकंदही टिकत नाही. अँप लावावाच लागतो. मंद आवाजात लावतो, दहाच्या आत थांबतो.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. त्यांनी तक्रार कधी केली नाही, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटायची. एका सकाळी लिफ्टमध्ये भेटले. दुधाची पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताची बोटं लिफ्टच्या कडेवर. सा, सा, ठक, मोकळी जागा, निषाद, सा. मी ऐकतच राहिलो. तळमजला आल्यावर काका म्हणाले, "मधे एक कोमल गंधार होता तो काढलात वाटतं? बरं केलंत. पण निषादावर थोडं थांबा अजून, घाई होते." एवढा नेमका अभिप्राय मला बँडमध्ये, घरात किंवा ग्रुपवर कुणी दिलेला नाही. मग ध्यानात आलं, की ते कोमल गंधारापासून ऐकतायत. म्हणजे सगळं ऐकलंय. गाणं नाही, गिटार नाही, ढोल नाही, नुसता बेस, छतातून गाळून आलेला. कुठल्याही बेसवाल्याला असा श्रोता मागूनही मिळत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी तेच ते चार स्वर वाजवत बसलं असेल, तर वॉचमनला वर पाठवण्याआधी आपला पाय हलतोय का ते बघा. हलत नसेल तर खुशाल तक्रार करा, ती लाइन काढून टाकायच्याच लायकीची आहे. हलत असेल तर कृपा करून वर जाऊन तसं सांगा. त्याने ती फोनवर ज्यांना ज्यांना पाठवली आहे, त्यांच्यापैकी कुणालाही ती ऐकू आलेली नाही.